सात दोऱ्यांचा अडसर

एक होती खिंड. डोंगराला कुणी चिमटा काढावा आणि तो तसाच राहावा, एवढी अरुंद. खिंडीच्या वर सात गावं आणि खिंडीच्या खाली खालाटी, म्हणजे समुद्राकडचा मुलूख. खालून वर यायला वाट एकच, ती या खिंडीतून. दोन्ही बाजूंचे कडे इतके सरळ होते की माकडंसुद्धा विचार करून चढायची.

त्या खिंडीत एक अडसर होता. अडसर म्हणजे वाट अडवायचं आडवं लाकूड, बरं का. पण हे लाकूड साधं नव्हतं. सातही गावांच्या शिवा जिथे एकमेकींना टेकायच्या, तिथे फार पूर्वी ऐनाचं एक झाड होतं. एका वादळात ते पडलं. मग एका गावानं ते न्यायचं ठरवलं. चाळीस माणसं लागली, झाड हललं नाही. दुसऱ्या गावानं सोळा बैल जुंपले, तरी झाड हललं नाही. मग सातही गावांतून एकेक माणूस आलं. सात जणांनी नुसता हात लावला, आणि झाड पिसासारखं वर आलं. सगळ्यांचं होतं ना ते! मग सगळे म्हणाले, हे कुणा एकाच्या घराला लागायचं नाही, हे आपण खिंडीत ठेवू.

एरवी अडसर वर, दोन्ही कड्यांच्या खोबणीत टेकलेला असायचा. खालून माणसं, बैल, शेळ्या खुशाल जायच्या-यायच्या. कधी मालावर जकात बसवायची वेळ आली, तर सात गावांचे सात वडीलधारे आपापली दोरी घेऊन यायचे. एकाची अंबाडीची, एकाची सुताची, एकाची लोकरीची, एकाची शेळीच्या केसांची, एकाची वाखाची, एकाची नुसत्या गवताची. आणि चाकवाडीच्या कुंभारांची दोरी कशाची, सांगा बघू? चाकावरून मडकं कापून काढायचा दोरा असतो ना, तसले शंभर दोरे पिळून केलेली. सात दोऱ्या बांधल्या की अडसर खाली-वर व्हायचा. माल आला की खाली, जकात दिली की वर. काम संपलं की जो तो आपली दोरी सोडून घरी न्यायचा. दोऱ्या खिंडीत ठेवायच्या नाहीत, असा नेमच होता. एकदा पुरात ओढ्यावरचा साकव वाहून गेला, तेव्हा मिठावर एक हिवाळा जकात बसली होती. साकव बांधून झाला आणि दोऱ्या घरी गेल्या.

आणि शिंग? हो, ते राहिलंच की. एकदा खालून लुटारू आले. सात जण सात दोऱ्या घेऊन येईपर्यंत पहिल्या गावातली भांडीकुंडी गेली. मग गावांनी राजाला एक शिंग दिलं. म्हणाले, अचानक संकट आलं तर हे फुंक. आम्हाला बोलवायला वेळ नसेल, तेव्हाच फुंक. शिंग वाजलं की अडसर आपला आपण धाडकन पडायचा. मग माणूस नाही, बैल नाही, वाटाणासुद्धा पलीकडे जायचा नाही. आणि संकट गेलं की अडसर आपला आपण वर जायचा. लुटारू दुसऱ्यांदा आले तेव्हा असंच झालं. गुरांचा रोग आला तेव्हा असंच झालं. वणवा आला तेव्हाही असंच झालं.

राजा म्हणजे निवडलेला राजा, बरं का. सात गावांनी बसवायचा, पाच पावसाळे राज्य करायचं, मग घरी जाऊन पुन्हा आपली शेरडं वळायची. त्या वेळी रायबा नावाचा राजा होता. मनानं चांगला. पण त्याला घाई फार. भात शिजायच्या आधी झाकण उघडून बघायचा.

खिंडीतल्या झोपडीत राहायची बायजाक्का. ती खिंडीची राखणदारीण. अडसर वर असला की तिला काम असं काही नसायचं. वाटसरूंना पाणी द्यायचं, आणि धूर करायला ओला पाला तयार ठेवायचा. खिंडीत धूर दिसला की सात गावांनी दोऱ्या घेऊन यायचं, हे ठरलेलं होतं. पण धूर करायचा तो राजानं सांगितल्यावर. बायजाक्का बोलायची कमी आणि बघायची जास्त. कुणाचा बैल कुठल्या पायानं लंगडतो, कोण जाताना हसत गेलं आणि येताना गप्प आलं, सगळं तिच्या ध्यानात असायचं.

त्या दिवसांत बायजाक्काचे डोळे सारखे खालच्या वाटेकडे होते. तिची एकुलती एक लेक आवडी खालाटीत दिलेली. तिचे दिवस भरत आले होते आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी येणार होती. बायजाक्कानं डिंक आणून ठेवला, आळीव आणून ठेवले. जुनं मऊ लुगडं फाडून चार दुपटी शिवली आणि घडी करून उशाशी ठेवली. रोज ती घडी उलगडायची आणि पुन्हा घालायची.

मग काय झालं? चाकवाडीचा भिकोबा कुंभार राजाकडे गेला. कुंभारांमध्ये तो सगळ्यांत वडील. म्हणाला, "महाराज, खालाटीतून लाल मडकी येतात. पातळ असतात, स्वस्त असतात, गळ्याशी मासा काढलेला असतो. लोक तीच घेतात. माझ्या अंगणात काळी मडकी इतकी साठलीत, की कोंबडीला अंडं घालायला जागा उरली नाही."

"मग ती कुठं घालते?" राजानं विचारलं.

"मडक्यातच घालते, महाराज. तेवढाच काय तो त्या मडक्यांचा उपयोग."

राजाला वाईट वाटलं. तो म्हणाला, "लाल मडक्यांवर जकात बसवतो. पाच मडक्यांमागे एक." पण त्यासाठी सात गावांची सभा बोलवायची म्हणजे? एक हो म्हणणार, दुसरा नाही म्हणणार, तिसऱ्याला ऐकूच येत नाही. भात शिजेपर्यंत कोण थांबतो? मग राजानं शिंग घेतलं आणि थेट खिंडीत आला.

बायजाक्कानं पाण्याचा तांब्या पुढे केला. राजानं शिंग वर केलं.

"संकट कुठलं, महाराज?" बायजाक्कानं विचारलं.

"मडक्यांचं."

बायजाक्कानं खाली पाहिलं. बाळकू व्यापारी दोन बैलांवर लाल मडकी लादून चढत होता. बैल चार पावलं टाकायचे आणि दम खायचे.

"मडकी तर आहेत," ती म्हणाली. "पण ती बैलाच्या पाठीवर आहेत, महाराज. आणि बैल चालत येतोय. तो पोचेपर्यंत सात गावं जेवूनखाऊन इथं येतील. धूर करू का?"

"बायजाक्का, तू पाणी दे. राज्य मी करतो," राजा म्हणाला, आणि त्यानं शिंग फुंकलं.

धाड! अडसर खाली आला. कड्यावरची पाखरं उडाली.

बाळकू पोचला. पाहतो तर वाट बंद. राजा म्हणाला, "पाचामागे एक मडकं दे आणि जा." बाळकूनं कुरकुर केली, पण मडकं काढलं. पुढे केलं. तर मडकं अलीकडे येईना. अडसरावरून द्यावं, तर अडसर वर व्हायचा. खालून सरकवावं, तर खाली टेकायचा.

"अगं, उचल ना तो अडसर," राजा म्हणाला.

"कशानं उचलू?" बायजाक्का म्हणाली. "दोऱ्या गावांत आहेत. शिंगानं पडतो तो नुसता वाट बंद करतो. घेणं-देणं त्याला कळत नाही."

बाळकू पलीकडून म्हणाला, "महाराज, जकात द्यायला मी तयार आहे. तुम्हाला घेता येत नसेल तर तो माझा दोष नाही हं!"

राजाचे कान लाल झाले. आणि तेवढ्यात, बरं का, खालच्या वळणावर एक डोली दिसली.

बायजाक्कानं लांबूनच ओळखली. डोलीला आवडीच्या लुगड्याचा पडदा होता, हिरवा, काठाला विटलेला. डोली अडसराशी येऊन टेकली. पडदा सरला.

"आई, हे काय गं?"

"काही नाही बाळ. जरा वाट अडलीय."

आवडीनं एकदा अडसराकडे पाहिलं, एकदा राजाच्या हातातल्या शिंगाकडे पाहिलं. तिच्या ध्यानात आलं सगळं. आईचीच लेक ती. म्हणाली, "महाराज, मी सासरहून एक पोट घेऊन आलेय. त्याच्यावर किती जकात?"

"छे छे," राजा घाईघाईनं म्हणाला, "बाळाला माफ!"

पण माफीही अडसराला कळत नव्हती. तो होता तिथेच राहिला.

मागे फिरावं तर आवडीचं सासर दीड दिवसाच्या वाटेवर, आणि उतार असा की डोली हिंदकळायची. पुढे यावं तर अडसर. खिंडीच्या त्या बाजूला घर नाही, सुईण नाही. एक आंब्याचं झाड आणि एक झरा, एवढंच. जावई आणि भोई यांनी आंब्याखाली पाला अंथरला. बायजाक्का अडसराच्या या बाजूला बसली. तिच्याकडची पेज पलीकडे जात नव्हती, दुपटं जात नव्हतं. जात होता तो नुसता आवाज. मग ती आवाजच देत राहिली. पाय उंच ठेव. उन्हात बसू नकोस. भिऊ नकोस.

पहिल्या दिवशी राजा म्हणाला, "सोपं आहे. संकट गेलं की अडसर उठतो ना? बाळकू, तू मडकी घेऊन खाली जा." बाळकू बैल वळवून वडाच्या वळणापर्यंत गेला. मडकी दिसेनाशी झाली. सगळे अडसराकडे बघत राहिले. ऊन कलून गेलं. अडसर काही हलला नाही.

राजा म्हणाला, "असं कसं? संकट तर गेलं!"

बायजाक्का म्हणाली, "महाराज, आलेलं संकट जातं. लुटारू आले, ते गेले. वणवा आला, तो विझला. हे तर आलंच नव्हतं. जे आलंच नाही, ते जाणार कुठून?"

राजा तडक वाड्याकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी राजानं वाड्यावरून चाळीस माणसं आणली, सोळा बैल आणले. साखळ्या लावल्या. माणसांनी जोर केला. बैलांचे डोळे बाहेर आले. साखळी तुटली आणि दहा माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. अडसर हलला नाही. पलीकडे आवडी हसली, कारण पडलेल्यांत जाडजूड कारभारी सगळ्यांत वर होता. पण हसता हसता तिनं कमरेला हात लावला. तो हात बायजाक्काला दिसला. राजाला नाही दिसला.

तिसऱ्या दिवशी राजा उजाडताच आला. हातात सात दोऱ्या. "घे, बायजाक्का! सात दोऱ्या लागतात ना? माझ्या वाड्यात करून घेतल्या. माझ्याच मेंढ्यांची लोकर." लाल, पिवळी, हिरवी, निळी, काळी, पांढरी, केशरी. दिसायला फार छान, बरं का.

बायजाक्कानं एक दोरी बोटांत धरली. मग दुसरी. मग सातही. रंग सात होते, पण पीळ एकच होता. एकाच हातानं, एकाच चातीवर घातलेला. तरी तिनं दोऱ्या बांधल्या. राजानं सात माणसं लावली. माणसांनी ओढलं, आणि गरम शेवया ताटातून घसराव्यात तशा साती दोऱ्या अडसरावरून घसरून खाली पडल्या.

तेवढ्यात पलीकडून आवडी म्हणाली, "आई, दुखायला लागलं गं."

हळूच म्हणाली ती. पण त्या खिंडीत सगळं ऐकू जायचं.

राजा एका दगडावर बसला. डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. पागोटं काढल्यावर तो पूर्वीसारखाच दिसायला लागला, शेरडं वळणारा रायबा.

"बायजाक्का," तो म्हणाला, "धूर कर."

बायजाक्का उठली. पाला पहिल्या दिवशीच रचून झाला होता. रोज संध्याकाळी ती त्यावर पाणी शिंपडायची, म्हणजे वाळू नये. नुसत्या शब्दाची वाट होती. तिनं विस्तव घातला, आणि पांढऱ्या धुराचा खांब सरळ आभाळात गेला.

मग गावं यायला लागली. अंबाडीची दोरी आली. सुताची आली. गवताची आली. वाखाच्या दोरीचे म्हातारबा सगळ्यांत जास्त धापा टाकत आले आणि त्यांच्या दोरीला एक म्हैस होती.

"ही काय म्हैस?" सगळे म्हणाले.

"काय करू? इतकी वर्षं कुणी बोलावलं नाही. दोरी नुसती खुंटीला होती, म्हणून म्हशीला बांधली. आता गाठ सुटेना, मग म्हशीसकट आलो." मग तिघांनी मिळून गाठ सोडली. म्हैस झऱ्याकडे जायला निघाली आणि अडसराशी जाऊन उभी राहिली. तिलाही पलीकडे जाता येईना.

लोकरीची दोरी आली. आणि शेळीच्या केसांची दोरी कमरेला गुंडाळून आली अंबूमामी. अंबूमामी तिच्या गावची सगळ्यांत वडील, आणि सुईण. आल्या आल्या तिनं अडसरापलीकडे पाहिलं, आवडीचं तोंड पाहिलं, आणि राजाकडे वळली.

"रायबा! तीन दिवस? अरे, तीन दिवस ही पोर झाडाखाली आहे, आणि तू मला आज बोलावतोस?"

"चुकलो, मामी."

"ते मग. आधी दोऱ्या मोजा."

मोजल्या. सहा! चाकवाडीची दोरी नव्हती.

आता, चाकवाडी सगळ्यांत जवळ. खिंडीतून हाक मारली तर अर्धी ऐकू जावी इतकी. भिकोबा आला नाही म्हणजे त्याला यायचंच नव्हतं. राजा म्हणाला, "शिपाई पाठवतो." बायजाक्का म्हणाली, "नको महाराज. मी जाते." तिनं आवडीला हाक मारली, "बाळ, मी एवढ्यात आले." आणि पदर खोचून ती पळाली. पन्नाशीची बाई, पण पळाली.

भिकोबा अंगणात चाकावर बसला होता. अंगण रिकामं होतं. तीन दिवस लाल मडकी आली नव्हती, आणि त्याची काळी मडकी सगळी खपली होती. कोंबडी आपली इकडून तिकडे मोकळी हिंडत होती.

"भिकोबा, धूर दिसला नाही का?"

"दिसला की," भिकोबा मान वर न करता म्हणाला. "मला वाटलं, माझ्याच आव्याचा."

बायजाक्कानं आव्याकडे पाहिलं. मडकी भाजायचा तो आवा गार पडला होता, त्यावर मांजर झोपलं होतं.

भिकोबानंही तिकडे पाहिलं. मग त्यानं चाक थांबवलं. "खरं सांगू का बायजाक्का? अडसर पडलाय तो मला बरा आहे. तीन दिवसांत घरात दाणे आले. मी दोरी आणली की ती लाल मडकी पुन्हा येणार. मग माझ्या घरच्यांनी काय खायचं?"

बायजाक्काला ओरडावंसं वाटत होतं. माझी लेक तिकडे झाडाखाली आहे, असं म्हणून रडावंसं वाटत होतं. पण तिनं रिकाम्या अंगणाकडे पाहिलं. या माणसाचं दुखणंही खोटं नव्हतं. मग ती त्याच्यासमोर खाली बसली.

"भिकोबा, तुमचं गाऱ्हाणं खरं आहे. पण तुम्ही ते एकट्या राजाच्या कानात सांगितलंत. सहा गावांना ते माहीतच नाही. आज सहाही गावं खिंडीत बसलीत. त्यांना सांगा."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"म्हणतीलही. पण आजचं बघा. एका माणसानं शिंग फुंकलं आणि तुमचं बरं झालं. दोन पावसाळ्यांनी दुसरा राजा येईल. त्याला तुमचीच काळी मडकी संकट वाटली, तर? तेव्हा तुम्ही कुणाला धूर करायला सांगाल?"

चाकावरचं ओलं मडकं तसंच होतं.

बायजाक्का म्हणाली, "आवडी जन्मली तेव्हा तिच्या आंघोळीचं पहिलं पाणी तुमच्या मडक्यात तापलं होतं. तुम्हीच आणून दिलं होतंत. अजून आहे माझ्याकडे. फुटलं नाही." एवढंच म्हणाली ती.

भिकोबानं बोटाला गुंडाळलेला दोरा सोडला. चाकावरचं मडकं अलगद कापलं, फळीवर ठेवलं. मग तो घरात गेला, आढ्याला टांगलेली दोरी काढली आणि मातीच्या हातांनीच निघाला.

सात दोऱ्या बांधल्या. कुठली जाड, कुठली बारीक, कुठली खरखरीत, म्हशीची तर शेणानं माखलेली. सात जण उभे राहिले. अंबूमामी म्हणाली, "लावा हात!" आणि अडसर वर आला, बरं का. पिसासारखा, हूं की चूं न करता. सगळ्यांत आधी म्हैस पलीकडे गेली.

पण अंबूमामीला पलीकडे जायचं होतं. ती सुईण ना! आणि तिच्या हातात तर दोरी. सोडली तर अडसर पडणार. दोरी धरणारा तिच्याच गावचा हवा. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हाक मारली.

"रायबा, इकडे ये. तू आमच्याच गावचा. तुझी नाळ मीच कापलीय. घे, धर ही दोरी. आणि घाई करू नकोस."

राजानं शिंग खाली ठेवलं. पागोटं खाली ठेवलं. आणि सातांतला एक होऊन, भिकोबा आणि वाखवाले म्हातारबा यांच्या मधे, शेळीच्या केसांची दोरी धरून उभा राहिला.

बायजाक्का आणि अंबूमामी पलीकडे धावल्या. डोली उचलली, अडसराखालून आणली, थेट झोपडीत नेली. भिकोबानं दिलेल्या जुन्या मडक्यात पाणी तापलं. बाहेर सात जण दोऱ्या धरून उभे. आता डोली आत आली होती, दोऱ्या सोडल्या तरी चाललं असतं. पण कुणाला सोडवेना. राजाच्या कपाळावरचा घाम नाकावर आला, तरी त्यानं तो पुसला नाही.

आणि मग झोपडीतून रडणं ऐकू आलं. केवढंसं! पण त्या खिंडीत सगळं ऐकू जायचं ना. सातही जण एकदम हसले, आणि अडसर वर खोबणीत जाऊन टेकला.

मुलगी झाली, मुलगी. जाई नाव ठेवलं पुढे.

मग दोऱ्या हातात आहेतच तर सभा होऊन जाऊ दे, असं ठरलं. भिकोबानं आपलं गाऱ्हाणं सांगितलं, कोंबडीसकट. एक म्हणाला, जकात नकोच, मला लाल मडकं आवडतं. दुसरा म्हणाला, पाचामागे एक घ्याच. तिसऱ्याला ऐकू येत नव्हतं, त्याला दोनदा सांगावं लागलं. त्यानं दोनदा ऐकलं आणि विचारलं, "भिकोबा, तुझं मडकं पातळ का होत नाही?" भिकोबा म्हणाला, "होईल. पण शिकायला दोन हिवाळे लागतील." मग सगळ्यांच्या तोंडून एकच निघालं, मग दोनच हिवाळे. दहा लाल मडक्यांमागे एक मडकं. आणि ती मडकी कुणी घरी न्यायची नाहीत, सात गावांच्या वाटांवर पाणी भरून ठेवायची. बाळकूला वडाच्या वळणावरून बोलावलं. तो म्हणाला, "दहामागे एक? पटलं. आता तरी घेता येतंय ना, बघा!"

राजा म्हणाला, "पण मी हेच तर म्हणत होतो!"

बायजाक्का दारात नात मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "होय महाराज. पण एकटेच म्हणत होतात."

अंबूमामी हसली, मग राजाही हसला.

दोन हिवाळे गेले. भिकोबाची मडकी पातळ झाली, आणि त्यांच्या गळ्याशी त्यानं एक कोंबडी काढली. सात जण आले, आपापली दोरी सोडून घरी घेऊन गेले. म्हशीला दुसरं दावं आणलं. रायबाचे पाच पावसाळे सरले, तो पुन्हा शेरडं वळायला लागला. जाताना त्यानं शिंग पुढच्या राजाच्या हातात दिलं आणि एवढंच सांगितलं, "फुंकायच्या आधी बायजाक्काला विचार. खालून जे येतंय ते पळत येतंय, की चालत? पळत आलं तर शिंग. चालत आलं तर धूर."

आणि जाई? ती अडसराच्या सावलीत रांगायला शिकली. तिच्या अंगावर ती चार मऊ दुपटी होती. अडसर वर असायचा, वाट मोकळी असायची, आणि आजी दारात बसून सगळं बघत असायची.

झालं. आता तुम्ही तुमच्या डोळ्यांचे अडसर पाडा बघू. त्याला काही सात दोऱ्या लागत नाहीत. ते एकट्यानंच पाडायचे. पाडा... हं. असं.